रेडिओवर जुनी मराठी गाणी लावणाऱ्या निवेदकाची आता गरज काय? सगळी गाणी मोबाईलवर मिळतातच की!

गाणी मिळतात, खरं आहे. पण ती कुणाची, हे तिथं बऱ्याचदा अर्धंच लिहिलेलं असतं. मी आमच्या सामुदायिक रेडिओवर दर रविवारी तासभर जुनी भावगीतं लावते. १०० वॅटचं केंद्र, दहा-पंधरा किलोमीटरच्या पलीकडे आवाज जात नाही. आठवडाभराची माझी बरीचशी मेहनत त्या उरलेल्या अर्ध्यापायीच होते.

गायकाचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, हे विचारा, लगेच गाडी अडते. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ला सुरू झालं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, चाली. अजूनही अनेकांना वाटतं की रेडिओवर ती सगळी बाबूजींनीच गायली. तेव्हा गायक पात्राप्रमाणे बदलत होते. माणिक वर्मांनी सीतेची गाणी गायली होती. हे एकदा कानावर पडलं की तेच गाणं माणूस वेगळ्या कानांनी ऐकतो.

आणखी एक सांगते, कारण हे मला फार जवळचं आहे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांची. कविता लांब असली तर तिची कडवी गाळावीच लागायची. मी कवितासंग्रह काढून बसते, गाणं पुन्हा पुन्हा लावते आणि गायलेल्या ओळींवर पेन्सिलीने बारीक टिंब देत जाते. ज्या कडव्यावर टिंब पडत नाही, ते गाणं संपल्यावर मी वाचून दाखवते. चालीत नाही, साधंच. वाचण्याआधी चार-पाच सेकंद काहीच बोलत नाही. शेवटचा सूर ऐकणाऱ्याच्या मनात विरू द्यायचा असतो. त्यावर लगेच बोलणारा निवेदक मला अजिबात सहन होत नाही.

ऐकतं कोण, असा प्रश्न ओघाने येईलच. मागे मी जी. एन. जोशींचं 'रानारानात गेली बाई शीळ' लावलं आणि सांगितलं, की हे शब्द ना. घ. देशपांड्यांचे, ते बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरचे, व्यवसायाने वकील. कार्यक्रम संपायच्या आत फोन आला. पलीकडे एक आजोबा होते. त्यांचं बालपण मेहकरात गेलेलं, आता मुलाकडे राहतात. म्हणाले, "बाई, हे गाणं मी साठ वर्षं गुणगुणतोय. आमच्या गावच्या माणसाचं आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

मग जरा थांबून म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा लावाल का? आणि ते मेहकरचं परत सांगा. नातीला शेजारी बसवून ऐकवायचंय."

लावलं. सांगितलंही.