सासूबाईंची सोमवारची गोळी

प्रश्न : माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या. गेल्या पावसाळ्यात तुळशीला पाणी घालताना पायरीवरच्या शेवाळावरून घसरल्या नि मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत म्हणून डॉक्टरांनी अ‍ॅलेन्ड्रोनेट ७० मिलिग्रॅम, दर सोमवारी एक गोळी दिली. ती घेतली की छातीत जळजळतं. शेजारच्या काकी म्हणतात, या गोळीनं जबड्याचं हाड कुजतं. बंद करू का? की सहा महिन्यांचं इंजेक्शन बरं? — एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, परस्पर बंद करू नका. पण पुढच्या सोमवारच्या आधी जळजळीचं डॉक्टरांच्या कानावर घाला आणि सासूबाई गोळी कशी घेतात ते बघा. माझ्याकडे ही तक्रार घेऊन आलेल्या कितीतरी आज्या चहाच्या घोटाबरोबर गोळी घेऊन पुन्हा आडव्या होत. अन्ननलिकेत रेंगाळली की ही गोळी तिथं जखम करते. उठल्याबरोबर, अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्यानं गिळायची आणि अर्धा तास पाठ टेकायची नाही. चहा, पेज, कॅल्शियम सगळं त्यानंतर, नाहीतर औषध अंगी लागतच नाही. घास गिळताना दुखू लागलं तर मात्र गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठा.

काकींचं म्हणणं निराधार नाही. पण हाडांसाठीच्या मात्रेत जबड्याचा त्रास वर्षाला दहा हजारांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी जणांना होतो. कर्करोगात याच जातीची औषधं बरीच जास्त देतात, तिथं तो अधिक दिसतो. किडलेला दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना या गोळीबद्दल आधी सांगा. मांडी किंवा जांघ विनाकारण दुखत राहिली तर एक्स-रे काढून घ्या. वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांत क्वचित मांडीचं हाड तडकतं. म्हणूनच पाच वर्षांनी ती चालू ठेवायची की थांबवायची, हे नव्यानं ठरवतात. याउलट खुब्याचं हाड मोडलं तर या वयात माणूस अंथरुणाला खिळतो. ती भीती मला जास्त वाटते.

आता इंजेक्शन. डेनोसुमॅब चांगलं आहे, पण त्याची तारीख चुकवून चालत नाही. माझ्या आईचं इंजेक्शन ऑगस्टअखेर होतं. चवथ तोंडावर, माटोळीची धांदल, पुढं दिवाळी, मग तुळशीचं लग्न. मीही विचारलं नाही, ही चूक माझीच. जानेवारीत नातवाला उचलायला वाकली आणि पाठीचे दोन मणके दबले. या औषधाचा अंमल उतरला की हाडांची झीज उसळून वाढते, तेव्हा मणके सर्वांत आधी बसतात. ते बंदच करायचं असलं तर मागोमाग दुसरं औषध द्यावं लागतं.

क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडांचं काम कळतं), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. मूत्रपिंडं फार अशक्त असतील तर ही गोळी देत नाहीत, आणि इंजेक्शननं रक्तातलं कॅल्शियम धोकादायक उतरू शकतं. रिपोर्ट घेऊन सासूबाईंना सोबत न्या. आणि ती पायरी श्रावणाआधी घासून घ्या.