घरच्या डेस्कटॉपमधली धूळ घरच्या घरी कशी काढावी? व्हॅक्यूम क्लीनर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की मशीन चार वर्षांचं आहे, एकदाही उघडलेलं नाही, पंखा हल्ली मोठ्याने घोंघावतो आणि मुलाने गेम लावला की थोड्या वेळाने सगळं एकदम बंद पडतं. ही लक्षणं बहुतेक वेळा धुळीचीच असतात, आणि हे काम घरी नक्की जमतं. व्हॅक्यूम क्लीनर मात्र आत घालू नका. प्लॅस्टिकच्या नळीतून कोरडी धूळ वेगाने जाताना स्थिर वीज साठते. ती मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर उतरली तर एखादी चिप जायला तेवढं पुरतं.

सगळ्यात आधी वीज. भिंतीवरच्या स्विचबोर्डाचं बटण बंद केलं म्हणजे झालं, असं समजू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलवर बसवलेलं असतं, म्हणजे बटण बंद असलं तरी फेज मशीनपर्यंत येते. यूपीएस असेल तर भिंतीतला प्लग काढला तरी तो बॅटरीवर वीज देतच राहतो. म्हणून पॉवर केबल सीपीयूच्या डब्याच्या (कॅबिनेटच्या) मागूनच उपसा, मग बाकीच्या वायरी. त्यानंतर पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. मागच्या बाजूचा एक फोटो मोबाइलवर काढून ठेवा, पुन्हा जोडताना उपयोगी पडतो.

मशीन गॅलरीत किंवा गच्चीवर न्या आणि नाकाला रुमाल बांधा. समोरून पाहताना सहसा डाव्या हाताचं झाकण उघडायचं असतं. मागचे दोन स्क्रू काढून ते मागे सरकवलं की निघतं. काचेचं असेल तर ते काढण्यापूर्वी मशीन आडवं ठेवा. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला बोट लावा आणि मधूनमधून लावत राहा. अंगात सुती कपडे असू द्या. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत स्वेटर घालून तर हे काम करूच नका.

आता खरी जागा. आत डोकावलं की तळाशी, वायरींवर सगळीकडे धूळ दिसते आणि आपण तीच झटकत बसतो. पण मशीन बंद पाडते ती प्रोसेसरवरच्या, म्हणजे मुख्य चिपवरच्या पंख्याखालची धूळ. पंख्याच्या पात्यांमधून टॉर्च मारून खाली बघा. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसायला हव्यात. बहुधा तिथे करडा, जाड थर दिसेल, नमद्यासारखा दाबून बसलेला. पंखा कितीही जोरात फिरला तरी हवा त्या थराच्या वरच अडते, पट्ट्यांना लागतच नाही. प्रोसेसर साधारण १०० अंशांच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. तुमच्याकडे हेच घडत असणार.

हा थर नुसती हवा मारून निघत नाही. आमच्याकडच्या धुळीत उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ आणि पावसाळ्याची ओल मिसळलेली असते, त्यामुळे ती चिकटते. आधी रंगकामाचा अर्ध्या इंचाचा नवा, मऊ केसांचा ब्रश घ्या. एका बोटाने पंख्याची पाती धरून ठेवा आणि ब्रशची टोकं पट्ट्यांच्या फटींमध्ये वरून खाली फिरवा. थर सुटायला लागला की त्याचे अख्खे तुकडे हाताला येतात, ते चिमट्याने उचला. सगळं मोकळं झालं की मग हवा मारा. पंखा धरून ठेवणं विसरू नका. जोराच्या हवेने तो नको तेवढ्या वेगाने फिरतो, बेअरिंग खराब होतं, आणि फिरणारी मोटर उलट वीजही तयार करते.

हवेसाठी हार्डवेअरच्या दुकानातला छोटा इलेक्ट्रिक ब्लोअर चालतो, पण तोंड फूटभर लांब ठेवा. डब्यातली हवा वापरत असाल तर डबा उभाच धरा, तिरका झाला की आतला गार द्रव बाहेर येतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर मशीन नेणारे लोक आहेत, तसं करू नका. त्या टाकीत पाणी साठलेलं असतं आणि ते हवेबरोबर बोर्डावर उडतं.

कॅबिनेटचे पंखे आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचा पंखा याच पद्धतीने साफ करा. पुढची जाळी निघत असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, मगच बसवा. बोर्डावर ओलं फडकं किंवा काच पुसायचा फवारा अजिबात नको. एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, बाहेरूनच हवा मारा. त्याचा डबा कधीही उघडू नका, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ राहू शकते. हे मी कळकळीने सांगतो आहे. प्रोसेसरवरचा पंखा पट्ट्यांसकट उपटायचीही गरज नाही. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्यांच्या प्लॅस्टिकच्या टाचण्या पटकन मोडतात. एएमडी प्रोसेसरच्या एएम४ प्रकारच्या बोर्डावर तर प्रोसेसर आणि पट्ट्यांमधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे कधीकधी अख्खा प्रोसेसरच वर येतो आणि पिना वाकतात.

झाकण लावण्यापूर्वी एखादी वायर पंख्यात येत नाही ना, ते बघा. चालू केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर घाबरू नका. ग्राफिक्स कार्ड असताना मॉनिटरची केबल चुकून बोर्डाच्या पोर्टला लागलेली असते, नाहीतर धक्क्याने रॅम हललेली असते. पुन्हा वीज काढा, रॅम काढून खटक्याचा आवाज येईपर्यंत सरळ दाबून बसवा.

पुढे वर्षातून दोनदा पुरे: एकदा पावसाळ्याआधी, एकदा दिवाळीच्या साफसफाईत. तळमजल्यावर, रस्त्यालगत राहत असाल तर दर तीन-चार महिन्यांनी. मशीन जमिनीवर न ठेवता वीतभर उंच स्टुलावर ठेवा, टेबलाच्या बंद कप्प्यात कोंडू नका. घरात पुट्टी घासायचं काम निघालं तर ते दिवस मशीन बंद करून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा, ती पूड फार बारीक असते.

साफसफाईच्या आधी आणि नंतर एचडब्ल्यूमॉनिटर हे मोफत सॉफ्टवेअर लावून गेम चालू असतानाचं तापमान बघा. आधी ९५-१०० दिसत होतं आणि आता ८०च्या खाली आलं, तर काम झालं. तरीही ९०च्या वर राहिलं तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळली असेल, ती बदलायला मशीन दुकानात द्या. आणि तापमान नीट असूनही मशीन बंद पडत असेल, तर दुकानदाराला आधी एसएमपीएस तपासायला सांगा.