टाके वाळले, एक्स-रे चांगला, मग पोरगी अजून का कळवळते?

"डॉक्टर म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. मग ही नाटक करतेय का हो?" पंधरा वर्षांच्या मुलीच्या आईचा प्रश्न. पाठीचा कणा एका बाजूला वळला होता (स्कोलिओसिस), तो रॉड आणि स्क्रू बसवून सरळ केला, त्याला चार महिने झाले. वर्गातली इतर मुलं दहावीच्या तयारीला लागली आणि ही अजून पलंगावर. (इथली मुलगी म्हणजे अशा अनेक जणींचं मिळून केलेलं चित्र आहे.)

नाटक नाही. दुखणं खरंच आहे. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, मज्जासंस्थेचंही तसंच होतं. जखम भरते, पण साधं वाकणंही तिला धोक्याचं वाटत राहतं. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचातल्या एका मुलाचं दुखणं असं लांबतं. आधीपासूनची चिंता, तुटक झोप, 'हे कधीच थांबणार नाही' हा विचार आणि आईवडिलांची धास्ती, यांनी ते लांबण्याची शक्यता वाढते.

ही मुलगी उठताना श्वास रोखायची, दात आवळायची. "दुखतं तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं?" असं समुपदेशकानं विचारल्यावर हळूच म्हणाली, "आतला स्क्रू निसटतोय." भेटायला आलेल्या कुणीतरी 'जपून हं, रॉड मोडेल' म्हटलं होतं. ते तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पुढची सगळी वाट या एका वाक्यातून निघाली.

पहिलं काम सर्जनकडचं. कुठल्या हालचाली चालतील, कुठल्या नाहीत, हे त्यांच्याकडून लिहूनच घेतलं आणि एक्स-रेवरचा प्रत्येक स्क्रू तिनं स्वतः बोटानं मोजला.

मग चालणं. दुखणं वाढेपर्यंत किती मिनिटं चालता येतं, ते तीन दिवस मोजलं: 8, 12, 10. सरासरी 10, म्हणून सुरुवात त्याहून थोडी कमी, 8 मिनिटांनी, सकाळ-संध्याकाळ. दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. बरं वाटलं तरी ठरल्यापेक्षा जास्त नाही, दुखलं म्हणून एकदम बंदही नाही. गाडी अडते ती इथंच. दुसऱ्या आठवड्यात ती मावसबहिणीच्या हळदीत तीन तास उभी राहिली आणि दोन दिवस झोपून काढले. त्यावर ओरडा नाही. पुन्हा दोन मिनिटं मागे जाऊन सुरुवात.

उठण्याआधी चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा. खांदे सैल सोडून. रोज सातला उठायचं आणि दिवसा पलंगाऐवजी खुर्ची.

सगळ्यात अवघड गृहपाठ आईचा होता. दर तासाला "दुखतंय का गं?" विचारलं की लक्ष पुन्हा पाठीकडेच जातं. त्याऐवजी संध्याकाळी एकदाच, तेही "आज काय काय जमलं?" असं. बाबांचं "पुरे झाले लाड, ऊठ आता" हेही तितकंच घातक. विश्वास नाही म्हटल्यावर मूल दुखणं सिद्ध करायला लागतं.

शाळा पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबवू नये. आधी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस. पुस्तकांचा दुसरा संच वर्गातच, आणि मधेच उभं राहायची मुभा. सहा आठवड्यांनी ती पूर्ण दिवस जाऊ लागली, तेव्हा दुखणं दहापैकी सातावरून पाचावरच आलं होतं. हाच क्रम अपेक्षित आहे: आधी हालचाल सुधारते, आकडा मागाहून उतरतो. तेवढ्यावरून 'उपयोग नाही' असं ठरवून पालक मधेच सोडतात, याचं फार वाईट वाटतं.

गोळ्या मनानं बंद करू नका. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, पायात नवीन बधिरपणा वा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पोटरीला सूज, धाप किंवा छातीत दुखणं, यातलं काहीही दिसलं तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा.