फिर, म्नॉ आणि गप्प बसणारी अक्षरं

मुलगी आठ वर्षांची, आयर्लंडला, डब्लिनला जातोय, तिला शाळेत आयरिश भाषा शिकावीच लागेल का, असं विचारलंत; शिवाय व्हिसाचं आणि तिथल्या एकटेपणाचंही. आयरिश शिकावी लागेल. केवळ परदेशातून आलं म्हणून सूट मिळते, पण प्रवेशाच्या वेळी 12 वर्षं पूर्ण असतील तरच. व्हिसाचं सगळं सरकारी साइटवर आहे, त्यात शिरत नाही.

पहिला धडा स्वच्छतागृहाच्या दारावर मिळतो. एकावर 'फिर', दुसऱ्यावर 'म्नॉ'. इंग्रजी सवयीने एफ म्हणजे बायका, एम म्हणजे पुरुष वाटतं आणि माणूस नेमका भलत्या दारात शिरतो. फिर म्हणजे पुरुष, एकवचन 'फ्यार'. आपल्या 'वीर'चाच भाऊबंद.

म्नॉ (पश्चिमेला आणि उत्तरेला 'म्रा') हे 'बॅन' म्हणजे बाई, त्याचं अनेकवचन. ऋग्वेदातली 'ग्ना' आणि 'जनि' याच मुळाच्या. 'जननी' मात्र नाही, ती 'जन्मणे'कडची. मुळातल्या 'ग्व'चा आयरिशमध्ये ब झाला, आणि जिथे तो न-ला खेटला तिथे म. म्हणून एकाच शब्दाची दोन तोंडं.

आता रूपं. बाई: बॅन. ती बाई: अन व्हॅन. बाईचं: न म्नॉ. बायका: न म्नॉ. बायकांचं: न मन. हे शेवटचं लिहितात एम-बी-ए-एन, पण बी गप्प. 1914 साली स्थापन झालेली 'कुमन न मन', म्हणजे बायकांची संघटना, तीही अशीच लिहितात. मराठीत सामान्यरूपाने शब्दाची शेपटी बदलते, इथे डोकंही बदलतं. मुलांना हे पटकन कळतं. अडतात आईबाप, कारण शब्दकोशात 'मब'ने सुरू होणारा शब्द शोधत बसतात. शोधायचा ब-मध्ये.

गृहपाठात मग आयरिशचंच पान कोरं राहतं, आणि शाळेला ती मुलाची कुवत वाटते. हे सलतं, वर्षं गेली तरी. एकटेपणाचं म्हणाल तर डिसेंबरात सव्वाचारच्या आत सूर्य मावळतो. जाड पडदे घ्या, पुढे चला.

शाळेच्या पहिल्या दिवसाआधी एक वाक्य घोटून घ्या: 'अन विल क्याड अगम दुल ग जी अन लेहरस?' शौचालयात जायची परवानगी. यातल्या 'विल'मध्ये एफ गप्प आहे आणि 'जी'मध्ये टी.