लेकीच्या फोटोग्राफीसाठी बेसाचा प्लॉट तारण ठेवावा का?

ताई, तुमच्या पत्रातला हिशेब आधी मांडतो. लेक यंदा बारावीत आहे, तिला फोटोग्राफी शिकायची आहे. पुण्यातल्या खासगी विद्यापीठात चार वर्षांची पदवी, फी वर्षाला ४ लाख, राहणं-जेवण दीड लाख. एकूण २२ लाख. ८ लाखांची एफडी मोडायची, १४ लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं आणि नागपूरजवळच्या बेसाचा प्लॉट तारण द्यायचा, असं तुम्ही योजलंय. यजमान हिंगणा एमआयडीसीत आहेत, वय ५३, निवृत्ती ५८ व्या वर्षी.

लेकीनं फोटोग्राफी जरूर शिकावी. पण पैसा असा उभा करू नका.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतो. चार आणि एक, पाच वर्षं. म्हणजे यजमानांचा पगार थांबेल त्याच सुमाराला. १० टक्के व्याज आणि १० वर्षांची मुदत धरली, तर हप्ता सुमारे १८,५०० रुपये; तोही मधल्या काळातलं व्याज तुम्ही भरत राहिलात तर. व्याजावरची करवजावट जुन्या करप्रणालीतच मिळते, तिच्यावर फार भिस्त ठेवू नका.

हप्ते लेक फेडेल, असं तुम्ही लिहिलंय. नागपुरातल्या नव्या फोटोग्राफरची सुरुवातीची कमाई बहुतेक वेळा लग्नांतून येते. चातुर्मासात मुहूर्त नसतात. सीझनमध्येही अ‍ॅडव्हान्स हातात पडतो, उरलेले पैसे मात्र अल्बम हातात दिल्याशिवाय सुटत नाहीत. पार्टीनं फोटो निवडायलाच दोन महिने लावले, तर तेवढे दिवस थांबायचं. अशा कमाईवर दरमहा १८,५०० चा भार टाकला, तर ती मिळेल ते काम घेत राहील आणि स्वतःचं काम उभं करायचं राहून जाईल. मला काळजी याची वाटते.

म्हणून आधी नागपूरचं शासकीय चित्रकला महाविद्यालय बघा. तिथं उपयोजित कलेची, म्हणजे जाहिरात-डिझाइनसारख्या कामाच्या कलेची, चार वर्षांची पदवी आहे, आणि उपयोजित कलेत फोटोग्राफी शिकवतात. प्रवेश राज्याच्या एएसी सीईटीतून, म्हणजे कला पदवीच्या प्रवेश परीक्षेतून. त्यात ऑब्जेक्ट ड्रॉइंग, मेमरी ड्रॉइंग आणि डिझाइनचे पेपर असतात, तेव्हा हात आतापासूनच बसवायला हवा. पुण्याइतका स्टुडिओ किंवा मुंबईच्या एजन्सींशी ओळख इथं मिळणार नाही, हे खरं. पण पोर्टफोलिओसाठी मारबतीची मिरवणूक, दीक्षाभूमी, इतवारीचा बाजार घरापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

वाचलेल्या एफडीतले ३ लाख कॅमेऱ्यासाठी बाजूला ठेवा, पण पहिल्या वर्षी खर्च करू नका. तिसऱ्या वर्षापर्यंत तिला कशाचे फोटो काढायचेत ते कळेल. बॉडी सेकंडहँड चालेल, फक्त शटर काउंट, म्हणजे आधी किती फोटो काढून झालेत तो आकडा, तपासून घ्या. लेन्स मात्र चांगली घ्या, ती दोन बॉड्या पुरून उरते. बाकीचे ५ लाख पदवीनंतरच्या पहिल्या दोन वर्षांसाठी. खरी ओढाताण तेव्हाच असते.

सीईटीत नंबर लागला नाही, तर बाहेरगावी जायला हरकत नाही. मग कर्ज साडेसात लाखांच्या आत ठेवा, तिथपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. एफडीतले ४ लाख आणि पगारातून दरमहा ७ हजार धरले, तर चार वर्षांना मिळून १५ लाखांच्या आतलं कॉलेज झेपेल. आत्ताचं त्यात बसत नाही. नवं निवडताना विद्यार्थ्यांना कॅमेरे घरी न्यायला मिळतात का आणि स्टुडिओ आठवड्यातून किती तास मिळतो, हे शेवटच्या वर्षाच्या मुलांनाच विचारा.

प्लॉटला दोन्ही वेळी हात लावू नका. यजमानांना पेन्शन नाही, तुमच्या म्हातारपणाचा आधार तोच आहे.