पडवीतील येझदी पुन्हा रस्त्यावर आणताना

प्रश्न : माझ्या मामांची १९७९ सालची येझदी २५० मोटारसायकल बरीच वर्षे आमच्या पडवीत उभी आहे. किक खाली जात नाही, टाकीत गंज आहे आणि वायरिंग उंदरांनी कुरतडले आहे. गावातील मेस्त्री म्हणतात की पूर्ण गाडी खोलून रंगवून देतो. मित्राचे म्हणणे असे की आधी पुण्यातील जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना भेटावे. सुरुवात कोठून करावी? सहा व्होल्टची विद्युत यंत्रणा बदलून बारा व्होल्टची करावी काय?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आपल्या मित्राचा सल्ला योग्य आहे आणि रंगाचे काम सर्वांत शेवटी ठेवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने १९६१ पासून जावा आणि पुढे येझदी या नावाने गाड्या बनवल्या. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्यामुळे आपल्या गाडीवर आज जो मूळ भाग शिल्लक आहे, तो गंजलेला असला तरी मोलाचा आहे. एकदा पूर्ण गाडी खोलून पोत्यात भरली, की निम्मे नटबोल्ट भंगारात जातात आणि कोणता वॉशर कोठला हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून खोलण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे घ्यावीत, काढलेले भाग चिठ्ठी लावून वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत आणि गाडी आधी चालू करावी, नंतर सजवावी.

किक खाली जात नाही याचा अर्थ बहुधा पिस्टन बोअरमध्ये, म्हणजे तो ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्यात, धरला (अडकला) आहे. लिव्हरवर उभे राहून जोर देऊ नये, कारण त्याने किकचे दाते तुटतात. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑइल यांचे मिश्रण सोडावे, काही दिवस मुरू द्यावे आणि मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू मागेपुढे हलवून पाहावे. पिस्टन सुटला तरी गाडी लगेच चालू करू नये. हेड आणि ब्लॉक उतरवून बोअरवर ओरखडे आहेत का, हे बोटाने आणि उजेडात तपासावे. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असल्यामुळे चांगल्या लेथवाल्याकडून बोअर किंचित रुंद करून ओव्हरसाइज, म्हणजे थोडा मोठा, पिस्टन बसवता येतो. मात्र पिस्टन आधी हातात घ्यावा आणि त्याच्या मापाने बोअर करून घ्यावा.

हौशी मंडळींची खरी गरज भासते ती क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, ऑइल सीलच्या वेळी. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस, म्हणजे क्रँकभोवतीचे कवच, हवाबंद असावी लागते आणि वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत या रबरी सील वाळून कडक झालेल्या असतात. क्लचच्या बाजूची सील गेली तर इंजिन गिअर ऑइल ओढून घेते, सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहतो आणि ऑइलची पातळी उतरते. डायनमोच्या बाजूची सील गेली तर बाहेरची हवा आत शिरते, आयडलिंग स्थिर राहत नाही, इंजिन आपोआप चढते आणि हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ झाल्याने तापून पुन्हा धरते. ही लक्षणे न ओळखणारा मेस्त्री कार्बोरेटर आणि पॉईंट (ठिणगीची वेळ ठरवणारा स्विच) यांच्याशीच खेळत बसतो. ज्याने स्वतःच्या हाताने चार येझदी उघडल्या आहेत, तो माणूस धूर पाहूनच दोष कोठे आहे ते सांगतो. शिवाय डायनमोचा रोटर काढण्याचा पुलर आणि क्लच उघडण्याचे खास अवजार अशा मंडळींकडे असते. ते विकत घेण्यापेक्षा मागून आणावे, काम होताच पुसून परत करावे.

अशा लोकांना गाठण्यासाठी जुलैचा दुसरा रविवार सोयीचा आहे. त्या दिवशी जावा-येझदी दिन म्हणून अनेक शहरांत मालक आपापल्या गाड्या घेऊन एकत्र येतात. जाताना इंजिन आणि चासीचे नंबर, गाडीची छायाचित्रे आणि नेमका प्रश्न घेऊन जावे. ‘गाडी नीट करायची आहे’ एवढेच म्हटले तर शुभेच्छा मिळतात. ‘डायनमोच्या बाजूची ही सील कोठे मिळेल’ असे जुनी सील दाखवून विचारले, तर दुकानाचे नाव मिळते, आणि कित्येकदा सीलही मिळते. पुण्याच्या नाना पेठेत सुटे भाग घ्यायला जातानाही जुना भाग सोबत न्यावा, कारण नक्कल केलेले भाग दिसायला सारखे असले तरी मापात फरक असतो.

टाकी व्हिनेगरने धुऊन गंज सुटला, की खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्लता मारावी आणि टाकी पूर्ण वाळवून लगेच आतून ऑइल मिसळलेले पेट्रोल फिरवावे; ओली राहिलेली टाकी एका रात्रीत पुन्हा गंजते. सध्याच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर लवकर खराब होतात, त्यामुळे ते नवे घालावेत.

सहा व्होल्टची यंत्रणा मोडीत काढण्याची घाई करू नये. दिवा मंद असणे आणि हॉर्न न वाजणे यांचे कारण बहुतेक वेळा गंजलेले अर्थिंग, झिजलेले कार्बन ब्रश किंवा बिघडलेला कटआउट (डायनमो आणि बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा स्विच) असते. पूर्ण वायरिंग नवे घालून, पॉईंटची फट साधारण ०.४ मिमी ठेवून पाहावे. रात्रीचा प्रवास नेहमीचा असेल, तर बारा व्होल्टचा संच बसवायला हरकत नाही. मात्र मूळ डायनमो जपून ठेवावा.

प्रश्न : माझी १९६८ सालची जावा चालू स्थितीत आहे. तिची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करावी काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली आणि मूळ रूपात मोठा बदल न केलेली दुचाकी व्हिंटेज ठरते, त्यामुळे आपली गाडी त्यात बसू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे टिकते. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा कारणांपुरतीच मुभा असते. आपण जावावर बाजारहाट करत असाल, तर दर पाच वर्षांनी तपासणी करून सामान्य नोंदणीचेच नूतनीकरण करणे हिताचे आहे. आरटीओत जाण्यापूर्वी चासीवरील नंबर रंगाच्या थराखालून स्वच्छ वाचता येतो का, हे पाहून घ्यावे आणि गाडीचा रंग बदलला असल्यास त्याची नोंद आरसी बुकात आधी करून घ्यावी.