इराकमध्ये नेमणूक झालेल्या अमेरिकी सैनिकांना थेट तिकडे न नेता आधी कुवेतच्या वाळवंटात का उतरवत?

मुख्यतः माणसं आणि सामान वेगवेगळ्या वाटांनी यायचं म्हणून. दोन्हींची गाठ घालायला सुरक्षित जागा हवी होती. सैनिक विमानाने यायचे, रणगाडे आणि अवजड गाड्या जहाजाने शुऐबा बंदरात. मग वायव्य कुवेतमधल्या कॅम्प ब्युरिंगसारख्या तळावर तुकडी पुन्हा उभी राहायची. (२००३ च्या सुरुवातीला उभारलेल्या या तळाचं आधीचं नाव कॅम्प उदैरी.) दुसरं कारण ऊन. उन्हाळ्यात तिथे पारा सहज ४५ अंशांपुढे जातो आणि शरीराला अशा उष्म्याची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. त्या काळात शेजारच्या उदैरी रेंजवर बंदुकांचा नेम जुळवणं, रस्त्याकडेच्या स्फोटकांपासून बचावाचा सराव, ताफ्याने गाडी चालवणं हे सगळं उरकायचं. म्हणजे नुसती प्रतीक्षा नव्हती, जरी तंबूतल्या सैनिकाला ती तशीच वाटली असणार. सामानातल्या उणिवाही इथेच उघड्या पडत: डिसेंबर २००४ मध्ये याच तळावर एका सैनिकाने संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांना तोंडावर विचारलं होतं, की गाड्यांना चिलखत म्हणून भंगारातले पत्रे का शोधावे लागतात?

मात्र सगळेच या मार्गाने गेले नाहीत. अफगाणिस्तानला जाणाऱ्यांसाठी २०१४ पर्यंत किर्गिझस्तानमधला मनास हा मोठा थांबा होता, आणि तो काही वाळवंटात नव्हता.